दिल्लीकाकांचे दोन प्रांत

आमच्या शेजारच्या घरात सुनांना भाजीत मीठ घालायचं असलं की सासऱ्याकडे मागावं लागे. तेल नाही, गूळ नाही, तूपही नाही, फक्त मीठ. मिठाची बरणी ओसरीवर सासऱ्याच्या बाजेखाली असायची. सकाळ-संध्याकाळ दोघी सुना वाट्या घेऊन त्या बाजेपुढे उभ्या राहायच्या, आणि सासरा वर्तमानपत्रातून तोंड वर न काढता विचारायचा, "कोन्या प्रांताचं?"

थोरली म्हणायची, "मध्यप्रांत." धाकटी म्हणायची, "वऱ्हाड." मग बरणी बाहेर निघायची.

तुम्हाला वाटेल, म्हातारा चिक्कू असेल. मुळीच नव्हता. आल्यागेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय सोडायचा नाही. मीठ त्याने आपल्याकडे ठेवलं होतं, कारण दिल्लीच्या सरकारने ते आपल्याकडे ठेवलं होतं. इंग्रज सरकारच्या पस्तीस सालच्या नव्या कायद्यात मीठ हा दिल्लीचा विषय, आणि घरातली दिल्ली म्हणजे हा. अख्खं वाशिम त्याला दिल्लीकाका म्हणायचं, आणि त्याला ते आवडायचं, हे आणखी वर.

मी मूळची कारंज्याची. लग्न होऊन वाशिमला आले तेव्हापासून आमची आणि दिल्लीकाकांची अंगणाची भिंत एक. आमचे हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. भिंत कमरेएवढी, त्यामुळे तिकडे काय चाललंय हे कळायला मला फारसं उठावं लागत नसे. त्यात मी बाई मुलखाची फटकळ. मनात आलं की तोंडावर आलंच.

काकांचं खरं नाव नारायणराव. धंद्याने अर्जनवीस, म्हणजे कचेरीसमोर लिंबाखाली पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहून देणारे. ते तरुण होते तेव्हा वाशिम हे जिल्ह्याचं ठाणं होतं. मग सरकारने जिल्हा मोडून अकोल्याला जोडला. साहेब गेले, मोठ्या कचेऱ्या गेल्या, अर्ज करणारेही अकोल्याची वाट धरू लागले. माणूस गेल्याचं करू नये एवढं दुःख काकांनी जिल्हा गेल्याचं केलं. "वऱ्हाडचा मालक कागदावर हैदराबादेत, लाटसाहेब दिल्लीत, कारभार नागपुरात, कचेरी अकोल्यात," ते सांगायचे, "वाशिमात काय उरलं? धूळ." तेव्हापासून कोणाचा हुकूम कोणावर चालतो हे शोधून काढायचा त्यांना नाद लागला. दारात कुत्रं भुंकलं तरी विचारायचे, "विषय कोनाचा?"

अशा माणसाच्या हाती नवा कायदा पडला. वाचनालयातल्या वर्तमानपत्रात त्यांनी तो वाचला, आणि लिंबाखाली बसणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितला. मलाही भिंतीपलीकडून समजावला, आणि खोटं कशाला बोलू, चांगला समजावला.

"हे पाय व सूनबाई," ते म्हणाले, "एवढा मोठा देश. एकट्यानं सांभाळतो म्हनलं तं होत नाई, आनि सगळ्यायले मोकळं सोडलं तं टिकत नाई. म्हनून कामं वाटून देल्ली. फौज, टपाल, रेल्वे, मीठ, परमुलखाशी बोलनं, हे दिल्लीचं. शाळा, दवाखाना, शेती, पोलीस, हे प्रांताचं. लग्नाचे कायदे दोघायनं मिळून. एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालाचा नाई. असं केलं का भांडन होत नाई आनि घर एक राह्यते."

"देश म्हणायचंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"तेच ते," ते म्हणाले, आणि पागोटं सारखं करत निघून गेले.

त्या सुमारास त्यांच्या घरात दोन सुनांचं एका चुलीवर जमेनासं झालं होतं. थोरला बळवंत कापसाच्या बाजारात कारकून. धाकटा श्रीराम शेती बघायचा. शेतात पिकतं ते थोरल्याच्या पोरांच्या अंगावर जातं, ही धाकट्याची तक्रार. आणि आपण उन्हातान्हात बाजारात राबतो ते दिसत नाही, ही थोरल्याची. दुसऱ्या कोणी बापाने सरळ वाटणी करून दिली असती. काकांसमोर वाटणी हा शब्द काढला की ते उठून बाहेर जायचे, मग ताटावर बसलेले असोत की अंघोळीला.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर त्यांनी मुलांना, सुनांना आणि काकूंना ओसरीवर बसवलं आणि घरचा नवा कायदा सांगितला. माझी पोळी तव्यावर करपली, पण मी भिंतीपासून हलले नाही. पुढचं घर बळवंताचं, ते मध्यप्रांत. मागचं श्रीरामचं, ते वऱ्हाड. चूल, गोठा, पोरांची शाळा, दवापाणी हे ज्या त्या प्रांताचं. मीठ, चिठ्ठीपत्री, लाठी, पाहुणे आणि रेल्वेचा प्रवास हे दिल्लीचं, म्हणजे काकांचं. पोरांची लग्नं दोघांनी मिळून.

"काका," मी भिंतीवरून म्हटलं, "मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा एकच प्रांत आहे ना?"

"कागदावर एक हाय," ते म्हणाले. "मनानं कवा होता?"

आणि खरी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. शेत एकच राहील, कमाई एकाच ठिकाणी येईल, दसरा-दिवाळीला सगळे एका पंगतीत जेवतील. हे झालं संघराज्य. पण ते दोन्ही मुलांनी मनापासून हो म्हटल्यावर सुरू होईल. "आधी प्रांत, मंग संघराज्य. दिल्लीनंबी तसंच केलं. तिकडं संस्थानायचे राजेलोकं हो म्हनाचे हायत, इकडं तुमी."

दोन चुली त्याच दिवशी पेटल्या. संघराज्य दिवाळीवर गेलं. दिवाळीला बळवंत म्हणाला, पुढच्या दिवाळीला पाहू. माणसाने हातात होतं ते आधी देऊन टाकलं, आणि ज्याच्यासाठी दिलं ते मागाहून मिळेल म्हणून वाट बघत बसला. घरात असा घोळ फक्त वर्तमानपत्र वाचणाराच घालू शकतो.

पण तेव्हा आम्हाला हसूच यायचं. एकदा माझी शेळी दाव्यातून सुटली आणि भिंतीच्या पडक्या भागातून त्यांच्या वाफ्यात शिरली. वाफा मागच्या अंगणात, म्हणजे वऱ्हाडात. धाकटी काठी शोधायला धावली, तर काठी ओसरीवर, म्हणजे दिल्लीत. काका काठी हातात घेऊन वाफ्याशी आले आणि थांबले.

"मारा ना," धाकटी म्हणाली.

"थांब. शेळी शेजाऱ्याची, म्हंजे परराज्य. परराज्य आलं तं विषय माहा. पन खाऊन राह्यली मेथी, म्हंजे शेती. शेती तुमची." ते असा विचार करत होते तोवर शेळीने वाफा साफ केला. मग ते रीतसर माझ्या दारात आले आणि वऱ्हाड प्रांतावर झालेल्या आक्रमणाबद्दल निषेध नोंदवून गेले. मी त्यांना ताक दिलं. ते त्यांनी घेतलं, आणि जाताना म्हणाले की निषेध कायम आहे.

दुसऱ्या वेळी बळवंताचा मेहुणा मानोऱ्याहून आला. भर उन्हाळ्यातला, घामाघूम. पाहुणे हा दिल्लीचा विषय, आणि दिल्ली वाचनालयात गेलेली. थोरली आत जीव मुठीत धरून बसली, सख्ख्या भावाला पाणी देईना. शेवटी काकूंनी भिंतीवरून मला हाक मारली. "तुह्या घरचा तांब्या दे व माय. तुह्या पान्यावर तं कोनाचा कायदा नाई." पाणी पाजून झाल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

काकूंचं सांगायचं राहिलंच. त्या कायद्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. आपल्याकडची जुनी रीत, आई एक महिना थोरल्याकडे जेवते, एक महिना धाकट्याकडे, अमावास्येला पाळी बदलते. तीच चालू राहिली. काका स्वतः सकाळचं पुढे जेवत, संध्याकाळचं मागे. काकू म्हणायच्या, "मी काय बाई, टपाल. इकडून तिकडं." त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढून त्याने काही दिसत नव्हतं. दुसऱ्या डोळ्यावर त्या सगळा दिवस दारात बसून गोधड्या शिवायच्या. गावात कोणाच्या घरी पाळणा हलणार असला की गोधडी काकूंच्याच हातची लागायची. टाका इतका बारीक आणि सरळ की मी माझ्या तरण्या डोळ्यांनी तसा घालू शकले नाही. तो चांगला डोळा, हीच त्या बाईची सगळी मालमत्ता होती.

तोच डोळा एका अमावास्येच्या सकाळी लाल झाला. कपाळ फुटून जाईल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. मी आमच्या ह्यांना बोलावून आणलं. त्यांनी पाहिलं आणि तोंड पडलं. "काचबिंदू दिसतो," ते मला म्हणाले. "मोतीबिंदू थांबतो, हा थांबत नाही. आजच्या गाडीने अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आज नेलं तर डोळा राहील."

बळवंत म्हणाला, "दवापानी प्रांताचं हाय, मान्य. पन माहा महिना काल सरला. आजपासून आई वऱ्हाडात."

श्रीराम म्हणाला, "दुखनं सकाळी लागलं. माझ्या घरी ती अजून जेवाले बसली नाई. ते तुमच्याच प्रांतात लागलं."

आणि काकू मधल्या दारात, ना पुढच्या घरात ना मागच्या, डोळ्यावर ओला फडका धरून बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. कण्हायलाही त्यांना संकोच वाटत असावा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच ओसरीवर काकांपुढे जाऊन उभी राहिले. "रेल्वे तुमची ना काका? मग बसवा काकूंना गाडीत."

"रेल्वे माही हाय," ते म्हणाले. "पन नेनं दवाखान्यात हाय. दवाखाना माहा नाई."

"तुमची बायको आहे ती."

"मी नाई कुठी म्हनतो?"

"मग सांगा, काकू कोणाचा विषय?"

काकांनी हातातलं वर्तमानपत्र बाजेवर ठेवलं. मग खाली बघत हळू बोलायला लागले.

"सूनबाई, मी लहान होतो. माह्या बापानं आनि काकानं वाटनी केली. आडाच्या मधातून भिंत घातली, अर्धा आड इकडं, अर्धा तिकडं. काका मेला तं बाप खांदा द्याले गेला नाई. भिंतीपल्याड रडनं ऐकू येऊन राह्यलं होतं, आनि बाप इकडं जेवत होता. माह्या पोट्ट्यायचं मी तसं नाई होऊ देनार. आज मी एकाच्या कामात हात घातला तं उद्या दुसरा म्हनन, बापानंच कायदा मोडला. मंग कोन कोनाचं ऐकन?"

"आणि डोळा?"

"निवाडा करतो ना. दोघायचं ऐकून घेतो. लवकर करतो."

आणि खरंच ते निवाडा करायला बसले. बाजेवर हा माणूस न्यायाधीश होऊन बसला, समोर दोघे मुलगे. एक म्हणे महिना अमावास्या लागल्यावर सरतो, दुसरा म्हणे सुटल्यावर. पंचांग काढलं. ते बोलणं त्या दिवशी संपलं नाही, दुसऱ्या दिवशीही चाललं. आमचे हे रोज दवाखान्यातून येऊन तिकडे डोकावायचे आणि मान हलवत परत यायचे. मी ह्यांना म्हटलं, आपणच नेऊ. ह्यांनी विचारलं तर दोघे मुलगे, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एका सुरात म्हणाले की आमच्या आईला परक्याने नेलं तर आमची अब्रू काय राहील. तेवढ्यापुरतं त्यांचं संघराज्य झालं.

शेवटी निवाडा लागला. बळवंताने अकोल्याला न्यावं, श्रीरामने परत आणावं, तिकीट दिल्लीचं. काकांना तो फार समतोल वाटला. पण तोवर काकूंचं दुखणं आपोआप थांबलं होतं. मुलगे म्हणाले, पाहा, बरं वाटून राह्यलं तिले, उगाच घाई करत होते. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. डोळ्यात जीव उरला नाही म्हणून दुखणं थांबलं होतं. तरी नेलं. तिथल्या डॉक्टरने डोळ्यासमोर दिवा धरला, बाजूला केला, पुन्हा धरला, आणि उशीर केलात एवढंच म्हणाला.

परत आल्यावर घरात जे सुरू झालं ते मी सांगत नाही. आईचा डोळा कोणी घालवला, यावर दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आंधळ्या सासूला परसाकडे कोणी न्यायचं यावर सुनांची जुंपली. काकूंची बहीण मंगरूळहून आली आणि त्यांना काही महिने आपल्या घरी घेऊन गेली. त्या दिवसांत बळवंताने कारंज्याला जिनिंगमध्ये काम धरलं आणि बिऱ्हाड हलवलं. श्रीराम सासऱ्याची शेती बघायला अनसिंगला गेला. जाताना कोणीच कोणाच्या पाया पडलं नाही. शेत बटाईने दिलं गेलं. पुढे युद्ध सुरू झालं, नागपूरच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, आणि दिल्लीचं ते संघराज्यही गुंडाळून ठेवल्याची बातमी आली. लिंबाखालची माणसं म्हणाली, "काका, प्रांतबी बुडाले, दिल्लीबी बुडाली." काकांनी लिंबाखाली जाणं सोडलं.

मला त्यांची कीव आली नाही. सरळ सांगते, आली नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

काकू मंगरूळहून परत आल्या, आणि मला भिंतीपलीकडे काहीतरी चमत्कारिक दिसायला लागलं. काका दुपारी पुढच्या चुलीवर स्वतः स्वयंपाक करायचे. जन्मात कधी चुलीपुढे न बसलेला माणूस. भाकरी थापायचे तर ती तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. मग थाळीत भाकर-भाजी घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायचे, घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरायचे, कडी वाजवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "धाकटीनं अंबाडीची भाजी पाठोली." दुसऱ्या महिन्यात वळसा बंद, पुढच्या दारातूनच थाळी यायची आणि ती थोरलीची असायची. अधूनमधून रिकाम्या अंगणाकडे बघून ओरडायचे, "अरे पोट्टेहो, दंगा नका करू, आजी जेवून राह्यली." मी भिंतीशी उभी असलेली दिसले की ओठांवर बोट ठेवायचे आणि केविलवाणे माझ्याकडे बघायचे.

मुलगे गेले हे त्यांनी काकूंना सांगितलंच नव्हतं. बायकोसाठी तो माणूस एकटा दोन प्रांत चालवत होता, अमावास्येला पाळीसुद्धा बदलत होता.

मला हे असह्य झालं. डोळे घालवलेत ते घालवलेत, वर आता फसवता. एका दुपारी काका स्वयंपाकात गुंतले होते तेव्हा मी मधल्या दारात काकूंपाशी जाऊन बसले. त्या रिकामे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. गोधडी नाही, सुई नाही. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका. बळवंत आणि श्रीराम—"

"गेले," काकू म्हणाल्या. "मंगरूळलेच समजलं मले. आनि नसतं समजलं तं काय, डोळे गेले व माय, कान नाई गेले. लेकरं असलेल्या घरात एवढी शांतता राह्यते काय?"

मी विचारलं, "मग त्यांना म्हणत का नाही?"

"माहा डोळा जात होता तवा हा मानूस निवाडा करत बसला होता. ते मी सरनावर गेल्यावरबी विसरनार नाई. मले माफी-बिफी काई सुचत नाई." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पन आता त्यायच्या राज्यात मी एकलीच उरली. मीबी नाई म्हनलं तं ते कोनाले सांगतीन, कोनासाठी भाकर थापतीन? बसतीन तसेच, भिंतीकडं पाहत. त्यायच्या बापानं आड वाटला तवापासून भेलेला मानूस हाय तो."

मागच्या दाराची कडी वाजली. काकूंनी घाईने तोंडावरून हात फिरवला. काका थाळी घेऊन आत आले. कपाळावर घाम, धोतराला पीठ, एका बोटाला भाजल्याचा फोड. मला पाहून ते दारातच थबकले. मी मान खाली घातली, तेव्हा पुढे आले.

"धाकटीनं पाठोली," ते म्हणाले. "तिचे हात भरले होते, म्हनून मीच आनली."

काकूंनी हात पुढे केला. भाकर एका बाजूने कच्ची होती, दुसऱ्या बाजूने जळलेली. त्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली, तुकडा मोडला आणि सावकाश चावून गिळला.

"बरी झाली," त्या म्हणाल्या. "पन तिले म्हना, लय उशीर केला."

काकांनी थाळी खाली ठेवली आणि तिथेच, जमिनीवर, त्यांच्यापाशी बसले.